घरगुती संगणकावरील पत्रव्यवहार आणि त्याच्या राखीव प्रती

मराठ्यांच्या इतिहासाचे अध्ययन करणाऱ्यास एक गोष्ट प्रारंभीच शिकावी लागते. ती ही की पत्र जेथून निघाले तेथे ते सापडेलच असे नाही. पुष्कळदा ते जेथे पोहोचले तेथेच सापडते. शिवकालीन पत्रांपैकी जी आज आपल्या हाती आहेत त्यांतील बरीचशी वतनदारांच्या घरांतून, मठांतून व देवस्थानांच्या दप्तरांतून मिळाली. ज्याला पत्र गेले त्याचा त्या कागदात हक्क गुंतलेला असे, आणि म्हणून त्याने तो जपला. पेशवे दप्तराची गोष्ट वेगळी. तेथे पाठविणाऱ्या व घेणाऱ्या, दोन्ही बाजूंचे कागद रुमालांत बांधून राहिले, आणि म्हणूनच रियासतकार सरदेसाई यांना १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध करता आले. एकंदरीत कोणती प्रत, कोणाच्या घरी, कोणत्या हेतूने राहिली, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज पत्राचा अर्थ लावता येत नाही.

हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील खाजगी पत्रव्यवहारास लावून पाहावा, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. हा पत्रव्यवहार ई-मेलचा होय. त्याचे दप्तर म्हणजे घरातील संगणक, त्याचा रुमाल म्हणजे एखादी फाईल, आणि त्याची नक्कल म्हणजे ज्याला आपण सर्वजण 'बॅकअप' म्हणतो ती राखीव प्रत. 'बॅकअप' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यास पर्याय घडविण्याचा खटाटोप येथे केलेला नाही. विषय वरकरणी तांत्रिक दिसतो. परंतु पुढील पिढीच्या इतिहासकारास आपल्या पिढीची घरगुती मराठी कोणत्या रूपात मिळेल, अथवा मिळणारच नाही, हे त्यावर अवलंबून आहे.

पत्राची नक्कल ठेवण्याची कला जुनी आहे. जेम्स वॅट याने १७८० मध्ये दाबयंत्राने ओल्या पातळ कागदावर पत्राची प्रत उठविण्याचे एकस्व मिळविले. राल्फ वेजवुड याने १८०६ मध्ये कार्बन कागदाचे एकस्व घेतले. त्या कार्बन प्रतीची स्मृती ई-मेलच्या मथळ्यातील 'सीसी' या दोन अक्षरांत अद्याप टिकून आहे. कार्बन कागद कधी हाती न घेतलेले आमचे विद्यार्थी ती अक्षरे दररोज वापरतात. रे टॉमलिन्सन याने १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यातून पत्र धाडले आणि व्यक्तीचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये 'अ‍ॅट'चे चिन्ह घातले. पत्राच्या मथळ्याचे स्वरूप १९७७ च्या व पुढे १९८२ च्या प्रमाणकाने निश्चित झाले. आपल्याकडे शैक्षणिक संस्थांचे 'अर्नेट' १९८६ पासून उभे राहू लागले, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. या इतिहासाची सविस्तर चर्चा अन्यत्र उपलब्ध असल्याने तो येथे आटोपता घेतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, १९९५ ते साधारण २००५ या दशकात घरगुती पत्रव्यवहाराची बहुधा एकच प्रत अस्तित्वात असे आणि ती घरातील संगणकावर असे. याचे कारण पत्र आणण्याच्या रीतीत आहे. त्या काळी रूढ असलेल्या 'पॉप' या पद्धतीत (तिची पहिली आवृत्ती १९८४ ची, तिसरी व प्रचलित आवृत्ती १९८८ ची) सेवा देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर केवळ टपालकचेरीचे काम करी. ग्राहकाने दूरध्वनीवरून जोडणी केली की त्याची पत्रे त्याच्या यंत्रावर उतरवून दिली जात व सर्व्हरवरून पुसली जात. 'सर्व्हरवर प्रत राहू द्यावी' असा पर्याय असे खरा. परंतु तो आपण होऊन निवडावा लागे. पेटीत जागा थोडी, दूरध्वनीचा आकार मिनिटागणिक वाढता, त्यामुळे निवडणारे थोडे. पत्र सर्व्हरवरच ठेवणारी 'आयमॅप' ही पद्धत मार्क क्रिस्पिन याने १९८६ मध्येच स्टॅनफर्ड येथे तयार केली होती. घरोघर ती पोहोचावयास मात्र पुष्कळ वर्षे लागली.

अशा रीतीने टपालकचेरीने आपले हात झटकल्यावर पत्रांचा सांभाळ ज्या कार्यक्रमाकडे आला, त्याचे नाव आपल्याकडील बहुसंख्य घरांपुरते 'आउटलुक एक्सप्रेस' असे होते. १९९७ मध्ये 'इंटरनेट एक्सप्लोरर'च्या चौथ्या आवृत्तीबरोबर तो आला आणि विंडोजसोबत फुकट मिळत असल्याने घराघरांत राहिला. स्टीव्ह डॉर्नर याने १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात लिहिलेला 'युडोरा' हा कार्यक्रम त्याहून जुना व माझ्या मते पत्रांशी अधिक सौजन्याने वागणारा होता. त्याचे नाव युडोरा वेल्टी या अमेरिकन कथालेखिकेवरून ठेवलेले आहे. तिच्या एका कथेची नायिका टपालकचेरीतच मुक्काम ठोकते! युडोराची पत्रे साध्या मजकुराच्या फायलीत एकाखाली एक लिहिलेली असत. ती आजही कोणत्याही साधनाने उघडून वाचता येतात. आउटलुक एक्सप्रेसने मात्र पाचव्या आवृत्तीपासून प्रत्येक कप्प्यासाठी 'डीबीएक्स' या खास बांधणीची एकेक फाईल योजिली. आलेली पत्रे एका फायलीत, पाठविलेली दुसऱ्या फायलीत. एखादी फाईल २ गिगाबाइटच्या मर्यादेकडे झुकू लागली की ती बिघडण्याचा संभव असे. जोडलेली छायाचित्रे 'बेस-६४' या संकेतात, म्हणजे मूळ आकाराहून तृतीयांशाने फुगून, त्याच फायलीत जाऊन बसत. त्यामुळे ही मर्यादा वाटते तितकी दूरची नव्हती.

त्याहून मोठी अडचण जागेची होती. या फायली विंडोज एक्सपीमध्ये वापरणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरात, त्यातील एका लपविलेल्या फोल्डरात, त्याच्याही आत अंकाक्षरांच्या लांबलचक ओळखक्रमांकाचे नाव असलेल्या फोल्डरात ठेवलेल्या असत. घरातील माणूस बॅकअप घ्यावयास बसला म्हणजे काय करी? तो 'माय डॉक्युमेंट्स' हे फोल्डर सीडीवर उतरवी व निश्चिंत होई. पत्रे त्यात नसत. पत्त्यांची वहीही त्यात नसे. ती 'वॅब' नावाच्या वेगळ्याच फायलीत, वेगळ्याच लपविलेल्या जागी असे. कार्यक्रमात पत्त्यांची यादी बाहेर काढण्याची सोय होती. परंतु सर्व पत्रांचा बॅकअप एका आज्ञेने घेण्याची सोय नव्हती. घरगुती पत्रव्यवहाराच्या नाशाचे कारण लोकांचा आळस असे सरसकट सांगितले जाते. मला ते मान्य नाही. अनेकांनी बॅकअप घेतला. त्यांना दप्तर कोठे आहे एवढेच कोणी सांगितले नव्हते.

येथे एक प्रत्यक्ष उदाहरण घेतो. ते माझ्याच घरातील असून कुटुंबीयांच्या अनुमतीने येथे देत आहे. माझ्या काकांनी १९९९ मध्ये संगणक घेतला, तो चुलतभाऊ शिक्षणासाठी अमेरिकेस गेला म्हणून. पुढील काही वर्षे पितापुत्रांचा पत्रव्यवहार अखंड चालला. २००८ मध्ये संगणकात व्हायरस शिरला. दुरुस्तीस आलेल्या तंत्रज्ञाने 'माय डॉक्युमेंट्स'ची प्रत काढून हार्ड डिस्क कोरी केली. काका गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी काकूंनी मला विचारले, "अरे, तू भाषेतला डॉक्टर ना? मग ह्यांची पत्रं तेवढी वाचून दे की मला." शोधाशोध करता एका खोक्यात फ्लॉपी व सीडी मिळाल्या. त्यांतील एका सीडीवर काकांच्या अक्षरात 'पत्रे, मार्च २००६' असे लिहिलेले होते. ते लपविलेले फोल्डर काकांनी कधीतरी कोणाकडून तरी माहीत करून घेतले होते, हे त्यावरून कळले.

सीडी वाचली गेली. पाठविलेल्या पत्रांची फाईल संपूर्ण होती. आलेल्या पत्रांची फाईल मात्र रिकामी निघाली. त्याचे कारण अनुमानानेच सांगावे लागेल, परंतु ते अनुमान बळकट आहे. आउटलुक एक्सप्रेसमध्ये पत्र 'डिलीट' केले तरी त्याचे अक्षर फायलीतून जात नसे; केवळ नोंद जाई. ती मोकळी जागा आवळण्याचे काम अधूनमधून करावे लागे, आणि २००४ च्या सुधारित आवृत्तीनंतर कार्यक्रम दर १०० वेळा बंद केल्यावर त्यासाठी अनुज्ञा मागू लागला. हे आवळणे चालू असता वीज गेली तर फाईल मोडण्याचा धोका असे; आणि २००५-०६ मधील महाराष्ट्रात वीज जाणे ही काही विरळा घटना नव्हती. फाईल मोडली की कार्यक्रम तिच्या जागी नवी, कोरी फाईल निर्माण करी. काकांनी ती कोरी फाईल मोठ्या निष्ठेने सीडीवर उतरवून ठेवली होती.

मुलाच्या बाजूची प्रतही उरलेली नाही. त्याचा पत्ता विद्यापीठाने दिलेला होता. शिक्षण संपल्यावर काही काळाने खाते बंद झाले. अर्थात प्रारंभी सांगितलेला नियम येथे उलटा झाला. शिवकालीन पत्र घेणाऱ्याकडे राहिले. काकांची पत्रे पाठविणाऱ्याकडे राहिली आणि मुलाची कोठेच राहिली नाहीत. तथापि हे विधान शंभर टक्के खरे नाही. उत्तर लिहिताना मूळ पत्राचा मजकूर खाली आपोआप जोडण्याची त्या कार्यक्रमाची रीत होती. काकांच्या उत्तरांखाली मुलाच्या पत्रांचे मोठमोठे तुकडे राहून गेले आहेत. संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकांस हा प्रकार परिचित आहे. मूळ ग्रंथ लुप्त होतो आणि भाष्यकाराने खंडनासाठी उद्धृत केलेली वाक्ये तेवढी उरतात. मुलाने पहिल्या हिवाळ्याचे वर्णन केलेले पत्र असेच मिळाले. काकांनी त्यास 'स्वेटर घालत जा' एवढेच उत्तर दिले होते, आणि त्या तीन शब्दांखाली ते संपूर्ण पत्र शाबूत होते.

आता या पत्रांचा काळ ठरविण्याचा प्रश्न. मराठी पत्रांत पुष्कळदा तिथी अथवा चंद्र असतो, परंतु साल नसते. त्यामुळे संपादकांना मजकुरातील घटनांवरून साल बसवावे लागते. ई-मेलच्या बाबतीत मिनिट व सेकंदही नोंदलेले असतात, म्हणून ही अडचण संपली असे वाटेल. वस्तुतः मथळ्यातील दिनांक पाठविणाऱ्याचे यंत्र घालते, आणि वाटेतील प्रत्येक सर्व्हर आपली पोचनोंद वेगळ्या ओळीत वर चढवीत जातो. घेणाऱ्याच्या प्रतीत या सर्व नोंदी असतात व त्यांवरून दिनांक पडताळता येतो. पाठविणाऱ्याच्या प्रतीत त्या नसतात, कारण ती प्रत घराबाहेर गेलेलीच नसते. काकांच्या संगणकातील घड्याळाची बॅटरी कधीतरी संपली असावी. कारण त्यांची काही पत्रे संगणक विकत घेण्यापूर्वीच्या दिनांकांची आहेत. गणपतीचा उल्लेख, घरातील लग्नाची बोलणी, क्रिकेटचा एखादा सामना यांवरून ती मी जागच्या जागी बसवीत आहे. रियासतकारांच्या पद्धतीचा असा उपयोग होईल हे मला विद्यार्थिदशेत कोणी सांगितले असते तर पटले नसते.

परंतु भाषाभ्यासकास खरा रस आहे तो अक्षरांत. १९९० नंतरच्या दशकातील मराठी ई-मेलांचे तीन थर दिसतात. पहिला थर रोमन लिपीतील मराठीचा. तो वाचण्यास सुलभ, परंतु ऱ्हस्वदीर्घ, ळ व ल, ण व न यांचा भेद त्यात लिहिणाऱ्याच्या लहरीवर राहिला आहे. दुसरा थर 'शिवाजी', 'कृतिदेव' यांसारख्या फाँटांचा. हे फाँट रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार चढवीत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमनच असे. देवनागरी दिसे ती केवळ चित्राच्या पातळीवर. या फाँटांत अक्षर नव्हे तर अक्षराचा अवयव हा घटक मानलेला आहे. अर्धा 'म' आणि काना हे दोन वेगळे संकेत. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती व्यंजनाच्या आधी टंकलेली. रफार उच्चारात आधी असला तरी व्यंजनानंतर टंकलेला. टंकलेखनयंत्राचाच हा वारसा होय. याउलट १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकाने, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने, देवनागरीचा विचार उच्चारक्रमाने केला. व्यंजन आधी, स्वरचिन्ह नंतर, मग ते डोळ्यांना कोठेही दिसो. पाणिनीय परंपरेत वाढलेल्यास दुसरी रीत स्वाभाविक वाटेल. परंतु घराघरांत विंडोज २००० व एक्सपी येईपर्यंत ती व्यवहारात उतरली नाही.

फाँटांच्या थरातील पत्रांचे भवितव्य मोडीसारखे आहे, आणि ही उपमा मी विचारपूर्वक योजितो. कागद शाबूत आहे, शाई ठळक आहे, वाचणारा नाही. पत्र जर सजावटीसह पाठविलेले असेल तर त्यात फाँटाचे नाव नोंदलेले असते. त्यावरून त्याचे रूपांतर करता येते. साध्या मजकुरात पाठविलेले असेल तर नाव नसते, आणि 'शिवाजी' की 'कृतिदेव' हे अक्षरांच्या वारंवारतेवरून ताडावे लागते. मोडी वाचणारे आज थोडे का होईना आहेत, तिचे वर्ग भरतात. या फाँटांचे वर्ग कोणी भरविणार नाही.

तिसरा थर युनिकोडचा. तो निर्धोक समजला जातो. पण बॅकअपच्या प्रवासात त्यासही इजा होते. 'यूटीएफ-८' या १९९२ मध्ये केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी योजलेल्या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'मराठी' या शब्दात पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. ई-मेलची जुनी वाट सात बिटांची; तीतून जाण्यासाठी 'क्वोटेड प्रिंटेबल' नावाच्या संकेतात एकेका बाइटास तीन रोमन चिन्हे लागतात, आणि आपला पाच चिन्हांचा शब्द पंचेचाळीस चिन्हांचा होऊन प्रवास करतो. १९९२ च्या 'माइम' प्रमाणकाने ही व्यवस्था लावली व कोणता संकेत वापरला ते मथळ्यात लिहिण्याची शिस्तही घालून दिली. ती मथळ्याची ओळ बॅकअप घेताना गळाली, की पत्र पश्चिम युरोपीय लिपीत उघडते व सर्वत्र डोक्यावर उलटी तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' दिसू लागतो. त्यामागे प्रत्येक ठिकाणी एक चलनचिन्ह येते. बारकाईने पाहिल्यास ही चलनचिन्हे दोन प्रकारची आहेत. एक सर्वसाधारण चलनाचे गोलाकार चिन्ह, दुसरे जपानी येनचे. युनिकोडच्या तक्त्यात देवनागरीचा पूर्वार्ध ऱ्हस्व वेलांटीपाशी संपतो आणि दीर्घ वेलांटीपासून उत्तरार्ध सुरू होतो. पूर्वार्धास एक चिन्ह मिळते, उत्तरार्धास दुसरे. परिणामी, पार बिघडलेल्या मजकुरातही वेलांटी पहिली की दुसरी हे येनच्या चिन्हावरून ओळखता येते. शुद्धलेखनाचा असा विदेशी पुरावा दुसऱ्या कोणत्या भाषेस लाभला असेल असे वाटत नाही.

मराठीपुरती विशेष अशी एक इजा आणखी आहे. 'आचाऱ्यांना' व 'आचार्यांना' हे दोन वेगळे शब्द. पहिल्यात स्वयंपाक करणारे, दुसऱ्यात गुरुजन. पहिल्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिला जातो. एक, नुक्त्याचा 'ऱ' व त्यास हलन्त; दुसरा, साधा र, हलन्त व त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. अदृश्य चिन्हे ही निरुपयोगी समजून गाळणारी साधने पुष्कळ आहेत. दुसऱ्या मार्गाने लिहिलेले पत्र अशा साधनातून गेले की 'दऱ्या' ओलांडणारा माणूस 'दर्या' ओलांडू लागतो. प्रत काढणाऱ्याच्या हातून झालेला पाठभेद पूर्वी निदान प्रत काढणाऱ्याच्या झोपेवर अथवा अज्ञानावर ढकलता येई.

पाठभेदाचा विषय निघालाच आहे तर युनिक्स परंपरेतील 'एमबॉक्स' या बांधणीचाही उल्लेख केला पाहिजे, कारण दीर्घकाळ जतन करावयाच्या ई-मेलसाठी आज तीच सर्वाधिक वापरात आहे. या फायलीत नवे पत्र 'फ्रॉम' हा शब्द व त्यापुढे रिकामी जागा अशा ओळीने सुरू होते. मग पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ या इंग्रजी शब्दाने सुरू झाली तर? तिच्याआधी कार्यक्रम एक कोनचिन्ह घालतो. ते चिन्ह लेखकाचे नव्हे. तो प्रक्षेप आहे. वाचताना ते काढून टाकणारे कार्यक्रम आहेत आणि न काढणारेही आहेत. भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना येथे घरच्यासारखे वाटेल. तीन वेळा घेतलेल्या तीन बॅकअपांतून एक संहिता सिद्ध करावयाची तर प्रत्येक पत्राच्या मथळ्यात यंत्राने घातलेला संदेशक्रमांक ताडून पाहावा लागतो. क्रमांक एक असून मजकूर भिन्न असेल तर पाठभेद, क्रमांकच भिन्न असतील तर ती दोन स्वतंत्र पत्रे.

पत्त्यांच्या वहीकडे इतिहासकार सहसा पाहत नाहीत. हे चूक आहे. जुन्या लेखनपद्धतीत पत्राचा मायना कोणास कसा लिहावा यासाठी मेस्तके होती. त्यांवरून समाजातील मानपानाची उतरंड कळते. संगणकातील पत्त्यांच्या वहीत तसेच काही कळते. आउटलुक एक्सप्रेस ज्यांना उत्तर लिहिले त्यांची नावे वहीत आपोआप घाली. त्यामुळे काकांच्या वहीत एकाच व्यक्तीच्या दोनतीन नोंदी आहेत, एक यंत्राने घातलेली व एक काकांनी हाताने केलेली. हाताने केलेल्या नोंदींत 'ठाण्याची ताई', 'बँकेतले जोशी', 'व्याही (नाशिक)' अशी नावे आहेत. या वह्या एका कार्यक्रमातून दुसऱ्यात नेण्यासाठी अ‍ॅपल, एटी अँड टी, आयबीएम व सीमेन्स यांच्या संघाने १९९५ मध्ये 'व्हीकार्ड' ही बांधणी सुचविली. तिच्यात नावाचे पाच कप्पे असतात. आडनाव, व्यक्तिनाव, जादा नावे, उपाधी, प्रत्यय, या क्रमाने. मराठी माणसाच्या वडिलांचे नाव 'जादा' या कप्प्यात जाते. विवाहानंतर स्त्रीचे तिन्ही कप्पे बदलू शकतात आणि जुन्या बॅकअपमधील ती व नव्यातील ती या दोन व्यक्ती ठरतात. बॅकअप एकत्र करताना यंत्र 'एकसारख्या नोंदी एक करू का?' असे विचारते. तेथे 'हो' म्हणणाऱ्याने 'ठाण्याची ताई' कायमची घालविली.

२०११ च्या चौथ्या आवृत्तीत व्हीकार्डने नात्यासाठी स्वतंत्र कप्पा दिला. त्यातील मान्य मूल्यांत अपत्य, पालक, भावंड, जोडीदार ही आहेत आणि उरलेल्या सर्व आप्तांसाठी 'आप्त' हे एकच मूल्य आहे. आते, मावशी, काकू, मामी, जाऊ, नणंद, विहीण यांना त्या एका खोलीत दाटीवाटीने बसावे लागते. प्रेमाच्या विविध अवस्थांस मात्र त्याच यादीत तीनचार स्वतंत्र खोल्या मिळाल्या आहेत. यादी करणाऱ्यांच्या समाजात कोणत्या भेदास किंमत आहे हे यावरून कळते. नातेसंज्ञांवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्यांनी तिकडे लक्ष द्यावे.

२००४ नंतर चित्र पालटले. त्या वर्षी १ एप्रिल रोजी जीमेल १ गिगाबाइट जागेसह आले, त्या वेळी हॉटमेल २ मेगाबाइट देत असे. पत्रे पुन्हा सर्व्हरवर राहू लागली. व्हिस्टाबरोबर २००७ मध्ये आउटलुक एक्सप्रेसचे नाव गेले, २००९ च्या विंडोज ७ मध्ये तर पत्रांचा कार्यक्रमच दिला गेला नाही. घरगुती दप्तराचा काळ संपला असे म्हणावयास हरकत नाही. परंतु आता दप्तर परक्याच्या वाड्यात आहे. २०११ च्या फेब्रुवारीत एका सदोष सुधारणेमुळे जीमेलच्या काही ग्राहकांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. त्यांची पत्रे परत आणली गेली ती चुंबकीय टेपांवरून, म्हणजे त्या अवाढव्य संस्थेलाही जुन्या पद्धतीच्या राखीव प्रतीनेच तारले. आपली पत्रे 'एमबॉक्स' रूपात उतरवून घेण्याची सोय तेथे २०१३ च्या अखेरीपासून आहे. दोन वर्षे न वापरलेली खाजगी खाती पुसण्याचे धोरण २०२३ च्या मे महिन्यात जाहीर होऊन त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून अमलात आले. मृताच्या पेटीस हे धोरण आपोआप लागू पडते; मृत मनुष्य दोन वर्षांत एकदाही आपले टपाल पाहत नाही.

छापील प्रत काढून ठेवावी हा उपाय पुष्कळांस पुरेसा वाटतो. त्यासंबंधी अमेरिकेतील एक न्यायनिर्णय उद्बोधक आहे. व्हाइट हाऊसमधील ई-मेलच्या टेपा पुसल्या जाऊ नयेत म्हणून १९८९ मध्ये दावा लावण्यात आला. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की कागदावरील छपाई ही मूळ नोंदीची पूर्ण प्रत नव्हे; पत्र कोणाकोणास व केव्हा मिळाले ही माहिती छपाईत उतरतेच असे नाही. दुसरीकडे एमरी विद्यापीठाने सलमान रश्दी यांची कागदपत्रे २००६ मध्ये मिळविली तेव्हा त्यांचे जुने संगणकही त्यात घेतले, आणि २०१० मध्ये संग्रह खुला केला तेव्हा त्यांतील सामग्री संगणकाच्याच रूपात पाहण्याची व्यवस्था केली. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाची डिजिटल सामग्री अटलांटा येथे जपली गेली. मराठी लेखकांच्या घरांतील संगणकांचे काय झाले, याची चौकशी आपल्या विभागांनी त्यांच्या कुटुंबीयांकडे करावयास हवी, आणि ती लवकर करावयास हवी; कारण लिहिता येण्याजोग्या सीडीवरील रंगद्रव्याचा थर कालांतराने खराब होतो.

काकांच्या पत्रांचे रूपांतर अद्याप चालू आहे. पाठविलेल्या पत्रांची फाईल 'एमबॉक्स'मध्ये आणली. मूळ डीबीएक्स फाईल जशीच्या तशी वेगळी ठेवली, कारण तीत पुसलेल्या पत्रांचे अवशेष आहेत आणि ते वाचण्याचा अधिकार आपणास आहे की नाही याचा निर्णय कुटुंबाने अजून केलेला नाही. 'शिवाजी' फाँटातील पत्रे काकूंना मोठ्या टाइपात छापून दिली. त्यांनी पहिले पान वाचून त्यातील एका शब्दावर बोट ठेवले व म्हणाल्या, "ह्यांनी हे असं लिहिलं नसेल रे." शब्द 'कारभार्यांना' असा छापला होता. मूळ फाईल पाहिली. तीत 'कारभाऱ्यांना' असेच होते. चूक रूपांतराची होती.